वाचूलालाय

अक्कमहादेवी टीचरनी माझा फोन हातात घेतला, म्हणाल्या,
"बाई, तुम्ही ह्याचा नुसता टॉर्च करून ठेवलाय."
खरंच होतं.
जांबोटीच्या अलीकडे आमची शाळा,
पावसाळ्यात दुपारी तीनलाच वर्ग अंधारतो
आणि कपाटामागचा उंदीर टॉर्चशिवाय दिसत नाही.

वीस वर्षं बेरजा हातानं केल्या.
तेवीस मुलं, सहा विषय, खोडरबराचा भुगा पदरावर.
त्यांनी एका चौकोनात काहीतरी लिहिलं, बोट खाली ओढलं,
आणि मेंढ्या ओढ्यात उतराव्यात
तशा बेरजा ओळीनं उतरत गेल्या.
मी एक पडताळून पाहिली. बरोबर होती.
दुसरीही पडताळली.

मग सुत्तोले.
बेळगावहून येणारं प्रत्येक परिपत्रक कानडीत,
आणि मी बोलते घडाघडा, वाचताना जोडाक्षरापाशी अडते.
आधी खानापूरला झेरॉक्सवाल्या भावकाण्णाकडून अर्थ लावून घ्यायची,
अख्खी दुपार जायची.
आता फोटो काढला की कागद मराठी होतो,
सोयरिकीला आल्यासारखं अवघडून बोलणारं मराठी,
पण शेवटची तारीख कळते.
मौज अशी, की काही शब्द हलतच नाहीत:
हाजरी, तारीख, अर्जी.
कुंपणाखालून जाणाऱ्या कोंबड्यांसारखे
ते आधीपासूनच दोन्ही परड्यांत चरत होते.

टीचर सांगत गेल्या.
फाइलचं नाव देताना वर्ष आधी, मग महिना, म्हणजे शोधावं लागत नाही.
खानापूर स्टँडवर रेंज असते, व्हिडिओ तिथंच उतरवून आणा.
पालकांना लिहू नका, बोलून पाठवा,
सातेरीची आई काजूच्या कारखान्यात उभ्याउभ्या ऐकेल.
शेरेसुद्धा बोला. तो लिहील.

मी बोलले, "सातेरी आता वाचूलालाय."
त्यानं लिहिलं, सातारी आता वाचू लाला.
परत बोलले.
सातारा आता वाजू लागला.
टीचर हसूनहसून बाकावर बसल्या.
"पुस्तकातलं बोला की, बाई."
सातेरी वाचत आहे, हे त्यानं बिनचूक लिहिलं.
पण सातेरी काही 'वाचत आहे' नव्हता.
वाचत आहे, ते परिपत्रकातलं मूल.
सातेरी वाचूलालाय:
बोट ठेवून, ओठ हलवत, एकच ओळ दोनदा,
मधेच खिडकीबाहेर बघून.
शेवटी सेटिंगमध्ये एक जागा सापडली,
आपला शब्द आपण घालायची.
घातला. फोननं मुकाट घेतला.

हिशेब केला तर दिवसाची चाळीस मिनिटं वाचतात.
(मिनिटंही वाचतातच आपल्याकडे.)
वर कुणाला कळवलं नाही,
कळवलं तर आणखी एक अ‍ॅप येईल.
तरी आलंच सोमवारी,
जेवणातल्या अंड्यांचा फोटो टाकायचं.

काल त्यातली दहा मिनिटं उरली होती.
मी आणि सातेरी फाटकाजवळच्या दगडावर, मधे पुस्तक.
तेवढ्यात वळणावर बस दिसली.
पाटी कानडी. मी सवयीनं फोन काढला, फोटोसाठी.
"बाई, खानापूरची न्हवं ती," तो म्हणाला, "बेळगाव हाय."
"वाचलास?"
"व्हय की."
"कोण शिकवलं?"
"बसच."

पाटीवरचं दुसरं अक्षर कुठलं, मी विचारलं,
परीक्षा म्हणून नव्हे.
त्यानं काटकीनं ओल्या मातीत काढलं.
मी त्याच्याखाली काढलं.
तो मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिला.
"उलटं झालं," म्हणाला. "परत काढा."