लाल पेन्सिल

बत्तीस वर्षं मी प्रेसमध्ये चुका शोधल्या.
तिकिटांची शीट समोर यायची, शाईचा वास अजून गरम,
आणि डोळा आपोआप तिथेच जायचा
जिथे एक दात कमी,
जिथे निळा केसभर घसरलेला.
लाल पेन्सिलीचा गोल. पुढची शीट.
शरयू म्हणायची, माझ्या पोळ्याही तुम्ही
उजेडात धरूनच खाता.

मग जेलरोडच्या दिव्यांना दाढ्या फुटल्या.
लांबून पाटी वाचणारा मी
कंडक्टरला विचारू लागलो, शालिमारलाच जाते ना?
दूध चहासारखं दिसे, चहा काढ्यासारखा.
मी दूधवाल्याशी भांडलो.
तो अजून बोलत नाही.

डॉक्टर कर्डिले म्हणाल्या, मोती पिकलाय,
पण तीन महिन्यांची साखर नऊ पूर्णांक चार.
आत्ता हात लावला तर जखम रुसून बसेल.
आधी ती खाली आणा.

नाशकात, ऐन फेब्रुवारीत, साखर खाली आणा!
ओझरहून मेहुण्याने पाठवलेली पेटी
पलंगाखाली, कागदाच्या कात्रणांत घड झोपलेले.
मी एकच मणी काढायचो,
खिडकीशी धरायचो,
परत ठेवायचो.
शरयूने मोजून ठेवले होते म्हणे.
एकदा दोन कमी भरले.
त्या दिवशी मुक्तिधामपर्यंत दोन चकरा जास्त,
तिच्या मागून, पदराच्या अंदाजाने.

मे उजाडला तेव्हा सात पूर्णांक सहा.
टेबलावर झोपवण्याआधी डॉक्टरांनी समजावलं:
साल तशीच राहू द्यायची,
आतला गर तेवढा काढायचा,
आणि त्याच सालीत नवं भिंग.
मला हसू आलं.
म्हणजे शेवटी द्राक्षच.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली.
निळा.
निळ्याला इतका आवाज असतो, विसरलोच होतो.
बादली निळी, नर्सच्या पेनाचं टोपण निळं,
रिक्षातून दिसलेली ती ताडपत्री तर किती उद्धट.
शरयूची साडी, जिला मी पाच वर्षं तपकिरी म्हणत आलो,
जांभळी निघाली.
सांगायचं नाही का?
तुमची चूक तुम्हाला कोण सांगणार, म्हणाली.

तिचे केस इतके पांढरे झालेत.
कानातल्या कुड्या लख्ख, हनुवटीवरचा तीळ लख्ख,
पण मधोमध, नाकाच्या जागी,
ओल्या शाईवरून कुणी बोट फिरवलेलं.
मी डोळा चोळणार, तेवढ्यात तिने हात धरला.

काच स्वच्छ झाली, डॉक्टर म्हणाल्या,
म्हणून तर मागच्या भिंतीची ओल नीट दिसली.
चौदा वर्षांची साखर. बारीक नळ्या पाझरतायत.
दर वर्षी पडदा तपासून घेत होतात ना?
मी चष्म्याचा नंबर तपासून घेत होतो.
बत्तीस वर्षं दुसऱ्यांची छपाई पाहणारा माणूस.
त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
डोळ्यात सुई, महिन्याला एक.
किती महिने?
बघू.

मोत्याला दोष देणं सोपं होतं.
मोती काढता येतो.

निघताना त्यांनी एक कागद दिला.
चौकटीच चौकटी, मधे एक टिंब.
रोज सकाळी, एक डोळा झाकून, टिंबाकडे बघायचं,
रेघ वाकली तर फोन करायचा.
मी कागद हातात घेऊन बसूनच राहिलो.
अहो, ही तर शीट आहे.

आता ती फ्रिजवर आहे, गोळ्यांच्या डब्याच्या वर.
सहा वाजता, चहाच्या आधी, बिनसाखरेच्या,
मी कामावर हजर होतो.
आज टिंबाच्या डावीकडची तिसरी रेघ वाकलेली.
परवा चौथीही वाकत होती, आज ती सरळ उभी.
लाल पेन्सिलीने गोल केला, खाली तारीख टाकली.

पास की नापास, शरयू मागून विचारते.
थांब, म्हणालो.
दुसरा डोळा राहिलाय.