चूक, एक नंबर

लेलंड विचोरेक. डावखुरा पिचर. चौदा हंगाम.
स्वतः बाद केलेले एकशे अठरा,
बाद करायला हात लावलेला चारशे दोन वेळा,
चुका एकोणीस.
म्हणजे हजारात नऊशे पासष्ट.
लीगची सरासरी, पिचरांपुरती, नऊशे त्रेपन्न.

हे अक्षर माझं आहे.
सँडस्कीच्या मैदानावर, पत्र्याच्या खोक्यात बसून,
सरोवराकडून थव्यांनी येणाऱ्या मेफ्लाय
वहीवरून फुंकरीनं उडवत
मी हे सगळं पेन्सिलीनं लिहिलं,
रात्री घरी जाऊन शाईनं गिरवलं.

सरासरी नावाचा पिचर मी कधी पाहिला नाही.
बसमध्ये तो कुणाच्या शेजारी झोपत नाही,
त्याचा खांदा धरत नाही, त्याला मुली होत नाहीत,
मालकाशी पगारावरून त्याचं वाजत नाही.
दर नऊ इनिंगला एक पूर्णांक नऊ दशांश चेंडू
तो निमूट निस्तरतो, इतकंच.
लेलंड दोन पूर्णांक तेहेतीस शतांश निस्तरायचा.
अर्ध्या चेंडूलाही थोडा कमी, एवढा फरक.
एवढ्यासाठी कुणी तिकीट काढत नाही.

पाय हलके आहेत त्याचे, असं लोक म्हणायचे.
मीही म्हणायचो.
मग इर्मानं, त्याच्या बायकोनं,
एकदा पार्किंगमध्ये गाडी पुसता पुसता सांगितलं:
शाळेच्या संघात याच्या आधी डेल ओसिका टाकायचा.
चेंडू सोडून एका पायावर कलंडलेला असताना
फटका सरळ डोळ्यावर आला.
बादली घेऊन धावलेला पोरगा लेलंड होता.

त्यानंतर चेंडू हातातून सुटला रे सुटला
की तो दोन्ही पाय रोवून उभा,
ग्लव्ह छातीशी,
दार आता कुणीतरी वाजवणारच आहे असा.
भीतीला माझ्या वहीत रकाना नाही.
तिचे बारा सहस्रांश
मी बिनदिक्कत कौशल्याच्या खात्यावर जमा केले.

आता एकोणिसांतली ती एक.
जूनअखेर, सातवी इनिंग, समोर लिमाचा संघ.
तिसऱ्या बेसच्या रेषेलगत मरगळलेला बंट.
तो धावला, वाकला, आणि
आणि मी मनगटावरची मेफ्लाय झटकत होतो.
मान वर केली तेव्हा चेंडू गवतात,
लिमाचा पोरगा पहिल्या बेसवर धूळ झाडत.
मी लिहिलं: चूक, एक.
आमच्या वहीत पिचरचा आकडा एक.
झाडणारा माळी नंतर म्हणाला, तिथं खडा होता.
लेलंडनं सामना संपल्यावर खोक्याकडे पाहिलं,
टोपीला बोट लावलं, आणि नळाकडे गेला.

फटका म्हणून लिहिलं असतं
तर आज नऊशे सदुसष्ट असते.
दोन सहस्रांश. केसाची जाडीही नाही.
पण लीग बुडून तेवीस वर्षं झाली,
कचेरीच्या जागी टायरचं दुकान आहे,
दुरुस्तीचा अर्ज मी काय त्या टायरवाल्याला देऊ?

नोव्हेंबरात त्याला भेटायला गेलो.
वृद्धाश्रमाची खिडकी, पलीकडे राखाडी सरोवर,
मांडीवर डावा हात, पाण्यातल्या गवतासारखा हलणारा.
मी खड्याचं सांगितलं. माशीचंही सांगितलं.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग टेबलावरच्या संत्र्याकडे हनुवटी केली: टाक.

मी टाकलं, अगदी हलकेच, लहान मुलाला टाकावं तसं.
चाकाच्या खुर्चीतही त्यानं आधी पावलं रोवली,
पंजा छातीशी आणला,
आणि संत्रं बोटांतून निसटून
पलंगाखाली गडगडत गेलं.

लिही, म्हणाला. चूक, एक नंबर.
आणि खोकला येईस्तोवर हसला.

पलंगाखाली वाकायला मला फार वेळ लागला.