फक्त वाचण्याची परवानगी

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या खोलीत,
जिथं पूर्वी पॅटर्नचे लाकडी साचे रचून ठेवायचे,
तिथं आता सर्व्हर आहे.
एसीच्या नळीखाली बादली.
भिंतींना अजून काळ्या वाळूचा वास.

या यंत्रात दुसरं काही नाही, नावं.
अकराशे बारा.
कोण कुठल्या खात्यात, कुणाला कुठलं दार उघडतं.
पावणेआठचा भोंगा झाला
की सगळी एकदम उंबऱ्याशी येतात:
मी आहे का? मी आहे का?
महिनाभर झाला, हो म्हणायला उशीर लागतोय.

म्हणून आज एजंट बसवतोय.
इराण्णा मुगळखोड दारातनं वाकून,
"काय करूलास रे? एजंट? आरटीओचा काय विम्याचा?"
म्हटलं, हा काही विकत नाही, काही हलवत नाही.
साठ सेकंदांनी एकदा मनगट धरतो,
आकडा लिहितो, सोडतो.

पण बघणाऱ्यालाही आधी त्याच वहीत नाव लागतं.
खातं काढलं. पासवर्ड दिला.
हक्क: फक्त वाचण्याचा.
पुढं गावाचा रकाना, आणि बोट थांबलं.
जुन्या नोंदींत बेलगाम आहे,
नव्यांत बेळगावी,
आमच्या कामगारांनी स्वतः भरलेल्यांत बेळगाव,
एकानं नुसतं ‘कॅम्प’.
रिकामा ठेवला, तर सर्व्हर घेईना.
शेवटी लिहिलं उद्यमबाग.
त्यावर अजून कुणाचं भांडण नाही.

पहिला ठिपका पडला. मग दुसरा.
रात्रभर रेघ सपाट, झोपलेल्या मांजरासारखी.
सकाळी मात्र काटेरी कुंपण,
आणि त्यातले अर्धे काटे एकाच ठिकाणचे:
खानापूरच्या गोदामातला वजनकाटा.
तिथला संगणक चालू झाल्या झाल्या
सेकंदाला चाळीसदा एकच नाव घेऊन दार ठोठावतो.
देसूरकर, मालन गोपाळ.
पासवर्ड चूक. पासवर्ड चूक. पासवर्ड चूक.

मालनबाई निवृत्त होऊन चार वर्षं झाली.
नंदगडला फोन लावला.
"अग्गोबाई, अजून माझी हजेरी लागूल्या काय?
मग पगार कुठाय?"
मागं म्हैस हंबरली.
"तो पासवर्ड हिचंच नाव होतं, बघ.
तुम्ही लोकांनी बदलाय लावला
आणि काट्याला कुणी सांगितलंच नाही."

इराण्णानं गोदामाला फोन केला,
कन्नडमध्ये सुरू झाला, शिव्यांपाशी मराठीत आला.
मी खात्यावर आलो.
एजंटला फक्त वाचता येतं,
पुसायचा हक्क माझ्याकडं.
पुसलं नाही. ‘बंद’वर टिचकी मारली,
नाव राहू दिलं.

आठ वाजून वीस मिनिटांनी रेघ खाली बसली.
एजंटनं तेही लिहिलं, एक आकडा, बाकी काही नाही.
"झालं न्हवं?" इराण्णा म्हणाला,
आणि बादली उचलली.
काठोकाठ भरली होती.
ती मोजायला कुणी बसवलं नव्हतं.