पालथा कप

मंगळवारचा बाजार भरायच्या आधी
सायत्रामामी कप पालथा घालते.
कानतुटका, इस्तारीच्या टपरीनं टाकून दिलेला.
बुडाला एक खरबरीत गोल कडा,
भट्टीत ज्यावर उभा होता तेवढीच,
तिथं चकाकी चढली नाही.
सुरी तिथंच चालते.
बाकी कप नुसता गुळगुळीत.

टोपल्यातल्या मासळीचंच पाणी, दोन थेंब.
इकडून नऊ, तिकडून नऊ,
ओठ मोजतात, ती गिऱ्हाइकाशी बोलत असते.
मग सुरी अंगठ्याच्या नखावर टेकवते.
घसरली तर परत.
अडली तर
कतल्याकडे बघते.

पवनीकडून एक शिकलगार यायचा,
सायकल स्टँडवर चढवून पायडल मारायचा.
ठिणग्या बघायला आम्ही पोट्टे,
मागं कुत्री.
त्याचं चाक धार द्यायचं आन लोखंड खायचं,
मामीची सुरी दर वर्षी बोटभर बारीक व्हायची.
तीन दिवाळ्या झाल्या, तो फिरकला नाही.

मग तिनं काय काय घासून पाहिलं.
ग्रामपंचायतीच्या संडासातून उरलेली फरशी:
पुढून सुरी घसरली, मागून भुगा सुटला.
लोणच्याच्या बरणीचं झाकण बरं चाललं,
एका सकाळी हातातच दुभंगलं,
तळहातावर ती रेघ अजून आहे.
चैतातल्या वादळात विजेचा खांब आडवा झाला,
तेव्हा झिबल लाईनमननं
तारेखालचा फुटका लट्टू आणून दिला.
वरून तपकिरी, आतून खोबऱ्यासारखा पांढरा.
इतकी वर्षं त्यानं वीज तारेतच ठेवली,
खांबात उतरू दिली नाही.
आता तो मोठ्या कोयत्याची खरड काढतो
आन कप शेवटचा हात फिरवतो.

हे सगळं माहीत असून
मी नागपूरहून मामीसाठी सुरी आणली.
पांढरीशुभ्र, चिनीमातीचीच,
डब्यात निळं मखमल.
"हिला धार लावावीच लागत नाही,"
दुकानदाराचं वाक्य मी माझं म्हणून सांगितलं.
मामीनं पात्यावर नख वाजवलं, कान लावला.
"कपावानीच बोलते गा हे."
टमाटा कापला,
टमाट्याला कळलंसुद्धा नाही.
शेजारची मिरचीवाली म्हणाली, अगो बाई.

मग मामीनं तीच सुरी
तीन किलोच्या कतल्याच्या डोक्यावर हाणली.

टक्.
टोक उडून झिंग्यांच्या ढिगात.
गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं,
आन आम्ही दोघं उकिडवे,
एकेक झिंगा बाजूला करत,
कोणाच्या घासात जाऊ नये म्हणून
नखाएवढा पांढरा तुकडा शोधत.
पाऊण तासानं सापडला.
मामी हसली नाही, रागावलीही नाही.
त्या दिवशीचे झिंगे तिनं विकले नाहीत.

पुढच्या मंगळवारी गेलो
तर तुटकी सुरी बांबूच्या खोबणीत उलटी रोवलेली,
पाठ वर, पातं खाली.
त्या पाठीवरून तिची जुनी लोखंडी सुरी
वर-खाली, वर-खाली,
वाळल्या पळसाच्या पानावरून सरडा जावा तसा आवाज.
"तुया सुरीची पाठ लय गुणाची हाय," ती म्हणाली.
"तोंडच तेवढं नाजूक."

मी काही बोललो नाही.
दुपारी बाजार ओसरला,
तिनं कप खळखळून धुतला, सुलटा केला,
इस्तारीकडून चहा आणून मला दिला.
कान नाही म्हणून दोन्ही हातांनी धरला.
उचलला, तेव्हा ओल्या पाटावर
एक राखाडी गोल उमटलेला,
कडेच्या खाचांतून निघालेलं बारीक लोखंड.
बोटानं पुसला.
बोटाला वास आला,
चहाचा नाही,
मरळीचा.