वर येताना

स्वॉनिजच्या हाय स्ट्रीटवर, शनिवारी साडेआठला,
दुकानाचं शटर अर्धंच वर गेलेलं,
आणि एक मुलगा वाकून आत येतो.
गळ्यात टॉवेल, नाकाचा शेंडा लाल,
आवाज पिंपात बसून बोलल्यासारखा.
"नाक मोकळं करणारी गोळी द्या. जरा स्ट्राँग."

माझ्या बिल्ल्यावरचं वैजयंती
तो ओठांनी वाचून बघतो, सोडून देतो.
ब्लड प्रेशर आहे? दुसरी काही औषधं?
हे नियमाचे प्रश्न. मग माझा एक :
"बोट कितीला सुटते?"

तो हसतो. टॉवेलावरून ओळखलंत?
टॉवेलावरून नाही रे.
आल्यापासून तीनदा त्यानं चिमटीत नाक धरून फुंकलंय,
तीनदा मान वाकडी करून
कानात काही टिचकतंय का, याची वाट पाहिलीय.
आपल्याकडे नाक दाबलं की तोंड उघडतं.
पाण्याखाली नाक दाबलं की कान उघडतात.
उघडले तर.

साडेदहाची बोट. ऐंशी पौंड, परत न मिळणारे.
अठ्ठावीस मीटरवर बुडालेली आगबोट,
तिच्या बॉयलरात म्हणे मांडीएवढी ईल राहते.

गोळी तुला खाली नेईल, मी म्हणते.
ते काम ती चोख करते.

मीही घेतली होती. याच फळीवरची, याच हातांनी.
सकाळी सहाला, कारण बोट सातला निघणार होती.
मग धुकं आलं.
पिअरवर ड्रायसूट घालून आम्ही अकरापर्यंत चहा प्यायलो.
खोक्यावर सगळं छापलेलं असतं,
किती तास, किती गोळ्या, कुणी घेऊ नये.
धुकं छापलेलं नसतं.

जाताना सगळी दारं उघडी होती.
येताना, चौदा मीटरवर,
कपाळाच्या आतून बाहेर
कुणी खिळा ठोकू लागलं.
खाली नेलेली एवढीशी हवा
वर येता येता फुगत होती
आणि तिला वाट नव्हती.
डेझमंड पिटफील्डनं अंगठा दाखवला : वर.
मी पंजा हलवला, कपाळावर बोट ठेवलं.
दोन मीटर खाली. खिळा सैल.
एक मीटर वर. खिळा.
काट्यावर सत्तर, मग पन्नास, मग मी काट्याकडे बघणं सोडलं.
श्वास वर होता
आणि वर जाता येत नव्हतं.

मग आत काहीतरी चिरकलं,
ओल्या काचेवरून बोट फिरवल्यासारखं.
मास्कमध्ये आधी काळपट हिरवं काही तरंगलं;
पाच मीटरवर ते लाल झालं.
तीन मिनिटं तिथे थांबायचं असतं. थांबलो.
डेझमंड माझा दंड धरून होता,
त्याचे डोळे मला लालच दिसत होते.

नाक मुठीत धरून घरी आले, अगदी शब्दशः.
तेव्हापासून कानाला खडा.

मुलगा ऐकतो. चांगलं ऐकतो, मान हलवून.
मग टिश्यूचं पाकीट घेतो, आल्याच्या गोळ्या घेतो,
आणि "चीअर्स" म्हणून शटरखालून वाकून निघून जातो.
कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात स्प्रे
उघड्या फळीवर असतो, दूध-पावाशेजारी.
तिथल्या मशीनला बोटीची वेळ विचारता येत नाही.

दिवसभर मी तास मोजत राहिले.
कुणाच्या तरी मधुमेहाच्या पट्ट्या दोनदा मोजल्या.

साडेपाचला पिअरवर गेले.
बोट केव्हाच लागलेली, सिलिंडर फळ्यांवर आडवे,
सीगल कुणाच्या तरी चिप्सवर टपलेले.
टोकाच्या कठड्याशी तोच टॉवेल.
त्यानं मला ओळखलं, हात उंच केला,
अंगठा दाखवला.

जमिनीवर याचा अर्थ, सगळं ठीक.
पाण्यात याचा अर्थ, मला वर जायचंय.
एवढ्या लांबून
त्याच्या ओठावरचा तपकिरी डाग
चॉकलेटचा होता की नाही, ते दिसेना.
मी चालू लागले, त्याच्या दिशेनं,
फळ्यांच्या फटींतून खाली पाणी बघत.