दोरीची गाठ

शाळेच्या हॉलमध्ये, टाकीकडे जाणाऱ्या दारावर,
अजून आहे ते चित्र. सात फूट बाय चार.
सत्तेचाळीसचा पंधरा ऑगस्ट, रामबाग, इंदूर.
गणपुले मास्तरांनी काढलं छप्पन साली.
रंगाचे पैसे शेटजींचे, म्हणून शेटजी पहिल्या रांगेत.
(त्या दिवशी ते उज्जैनला होते म्हणतात.)

झेंडा पूर्ण उलगडलेला.
आकाश नीळ जास्त झालेल्या धोतरासारखं.
कबुतरं सतरा. प्रार्थनेच्या वेळी मी मोजायचे.
एकाला पाय नाहीत, मास्तर विसरले असतील.

मी चौथीत असताना बाबा सांगायचे,
झेंडा वर गेलाच नव्हता.
मध्येच गाठ अडकली. हेडमास्तर दोरीला हिसडे देत राहिले,
बँडवाला एकच ओळ तीनदा वाजवून गप्प झाला,
वर ढग, खाली चिखल.
कुणीतरी म्हणालं, "अरे, त्या भालूला चढवा, हलका आहे."
भालू म्हणजे बाबा. वय नऊ.
चड्डीची नाडी आवळून बांबूवर.
गाठ सुटली, दोरी सर्रकन मुठीतून गेली
नि दोन्ही तळव्यांची साल घेऊन गेली.
टाळ्या झेंड्याला मिळाल्या. बाबांना हळद.

चित्रात खांबावर कोणी नाही.
आजीने विचारलं होतं मास्तरांना.
ते म्हणाले, "बाई, मुलगा काढला
तर लोक मुलाकडेच बघतील."

पुढे ते चित्र कॅलेंडरवर आलं,
सहकारी बँकेच्या डायरीवर,
शेटजींच्या नातवाच्या निवडणुकीच्या पत्रकावर.
आणि परवा, त्र्याऐंशीव्या वर्षी,
शाळेच्या स्मरणिकेसाठी मुलं आली विचारायला,
तेव्हा पोह्यांवर जिरावन भुरभुरवत बाबा म्हणाले,
"काय सकाळ होती! निळंभोर आकाश,
झेंडा असा एका झटक्यात वर,
आणि कबुतरं, बाप रे, किती कबुतरं!"

मी म्हटलं, बाबा, आणि गाठ?
"कसली गाठ?"

खोटं बोलत नव्हते. डोळे भरून आले होते.
मुलांनी सगळं लिहून घेतलं,
एकाने विचारलं, तुम्ही कुठे उभे होता?
बाबा चष्मा पुसत राहिले.

रात्री त्यांच्या तळव्यांना तेल लावताना
बोटाला लागला तो गुळगुळीत पट्टा.
तिथे रेषा असायला हव्यात.
तिथे काहीच काढलेलं नाही.