जागल्या

द्वारकाआत्याच्या पत्रिकेत मंगळ सातव्या घरात,
आणि आत्या वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत,
तपासणीच्या टेबलाशी, एकतीस वर्षं.
पितळेची काडतुसं ओंजळीत घ्यायची,
कडेवरून बोट फिरवायची,
डाळीतला खडा निवडावा तसं
एखादं बाजूला.
तीन स्थळं पत्रिका बघूनच परत गेली. चौथं
भालोदहून आलं, आणि चहा न पिता उठलं.

महिन्यातून एकदा, मंगळवारी, रजा टाकून
ती भुसावळहून सुरत पॅसेंजर धरायची.
अमळनेरला मंगळ ग्रहाच्या देवळात
तांबडं फूल, मसुरीची डाळ, गुळाचा खडा.
मागायची काही नाही.
"त्याच्यावर माझी नजर आहे,
एवढं त्याले कळू दे," म्हणायची.

फॅक्टरीच्या वाचनालयात तिला एक पुस्तक सापडलं,
पाठ निखळलेलं, कोपरा वाळवीनं खाल्लेला.
त्यात रोमचा मंगळ: मार्स.
शिरस्त्राण, भाला, कुरळी दाढी,
पायाशी लांडगा, खांद्यावर सुतारपक्षी.
"आपला मेंढ्यावर बसतो, त्यांचा लांडगा पाळतो,"
आत्या म्हणाली. "मेंढ्याचं काय झालं मंग?"

मार्च महिना त्याचा.
तिकडे मार्चात फौजा निघत.
आमच्याकडे हरभरा निघे,
आणि फॅक्टरीत टार्गेट गाठायला ओव्हरटाइम.

पण तिचं बोट अडलं ते पुढच्या पानावर.
तिथं लिहिलं होतं, हा देव शिवारातलाही.
शेतकरी डुक्कर, मेंढा आणि बैल घेऊन
बांधाबांधानं फिरत, त्याला विनवत:
रोगराई दूर ठेव, गारा नकोत,
पीक येऊ दे, पोरंढोरं धड राहू देत.

"म्हंजे जागल्या व्हता माय हा!
आपल्या सोनजीबाबासारखा.
मचाणावर बसायचं,
गोफण फिरवून डुकरं हाकायची.
मंग एक दिवस कोणीतरी येऊन सांगलं,
नदीपल्याडच्या शिवारातबी डुकरंच आहेत."

त्याच वर्षी सीमेवर काहीतरी पेटलं.
भोंगा तीन पाळ्यांचा झाला.
रात्री दिव्याखाली पितळ चमकायचं
मोहरीच्या फुलांसारखं.
रोमचा सेनापती निघताना भाला हलवायचा,
देवाला म्हणायचा, जागा हो.
इथं भोंगा वाजायचा,
आणि आत्या डबा घेऊन निघायची.

मी लहान होतो, विचारलं,
"आत्या, आतापर्यंत किती पास केली?"
ती बराच वेळ पोळीचा घास मोडत राहिली.
"नापास केलेली मोजते मी," म्हणाली.
आकडा सांगितला नाही.

आता ती तापीकाठी राहते, केळीच्या बागेला लागून.
वाळक्या निंबावर सुतारपक्षी
पहाटे ठोकत असतो.
"आला त्याचा शिपाई," ती म्हणते,
"सांग तुझ्या मालकाला,
शिवारात ये, इथं डुकरं खूप माजलीत.
नाहीतर झोप म्हणा बापा, झोप."

अमळनेरला ती अजून जाते. सगळे तिथं मंगळ शांत व्हावा म्हणून
तिच्यापुढं रांगेत उभे.
काय पुटपुटते, ऐकू येत नाही.

परवा मी गेलो तेव्हा तिनं चहा टाकला.
कप उचलला, सवयीनं कडेवरून बोट फिरवलं.
टवका लागला.
बाजूला ठेवला. दुसरा घेतला.